वंशावळीचा अहवाल आणि त्यातले संदर्भ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

संगणकावर वंशावळ ठेवणाऱ्या वाचकांची जी पत्रे या खेपेस आली, त्यांतील बहुतेकांची अडचण एकाच ठिकाणी येऊन थांबते. माहिती भरून झाली, भाऊबंदांना वाटण्यासाठी अहवाल छापायला घेतला, आणि आपण जमवलेल्या आधारांचे त्या अहवालात काय होते हे पाहून मन खट्टू झाले. म्हणून या वेळचे सदर सगळेच त्या विषयाला दिले आहे. उत्तरांत तीन शब्द वारंवार येतील. इतिहासाचे अभ्यासक ज्याला ‘साधन’ म्हणतात, म्हणजे एखादी नोंदवही, पुस्तक, पत्र किंवा मुलाखत, तोच शब्द येथे ठेवला आहे. त्या साधनातील नेमके पान किंवा नेमकी नोंद म्हणजे ‘संदर्भ’, आणि ते साधन जेथे ठेवलेले आहे ते कार्यालय, देवस्थान किंवा घर म्हणजे ‘संग्रह’.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून ग्रॅम्प्स हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर वापरून चार वर्षे आमच्या घराण्याची माहिती भरत आहे. सुमारे अकराशे व्यक्ती झाल्या. मूळ पुरुषापासूनचा तपशीलवार वंशज-अहवाल काढला, तेव्हा ९६ पानांपैकी ४१ पाने शेवटच्या टिपांचीच निघाली आणि त्यांत ‘गाव नमुना १४’ हे नाव दोनशेहून अधिक वेळा आले. भाऊबंद म्हणतात, टिपा काढून टाका, त्या कोण वाचणार आहे? काय करावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : टिपा काढू नका. टिपांशिवायची वंशावळ आणि लग्नाच्या पंगतीत कोणी तोंडी सांगितलेली वंशावळ यांत पुढच्या संशोधकाला काहीच फरक करता येत नाही. त्या दोन्ही त्याला पुन्हा पहिल्यापासून तपासाव्या लागतात. आपली चार वर्षांची खटपट त्याच्या उपयोगी पडायची असेल, तर ती टिपांमधूनच पडेल. मात्र ४१ पानांच्या टिपा कोणी वाचणार नाही हे भाऊबंदांचे म्हणणेही खरे आहे, आणि त्याचे कारण टिपांच्या संख्येत नसून त्या भरण्याच्या पद्धतीत आहे.

आपल्या पत्रावरून असे दिसते की, प्रत्येक जन्माची किंवा मृत्यूची नोंद भरताना आपण दर वेळी नवे साधन तयार केले. ग्रॅम्प्समध्ये २०१२ सालच्या ३.४ या आवृत्तीपासून साधन आणि संदर्भ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. साधन एकदाच तयार करायचे आणि त्याच्या पोटात पानागणिक किंवा नोंदीगणिक संदर्भ घालत जायचे, अशी ती रचना आहे. अहवालाच्या शेवटच्या टिपाही त्याच रचनेने छापल्या जातात. साधनाला एक क्रमांक मिळतो, त्याखालच्या प्रत्येक संदर्भाला इंग्रजी लहान अक्षर मिळते, आणि मजकुरात नावाच्या किंवा घटनेच्या डोक्यावर त्या दोहोंची जोडी येते. साधन एकच असेल तर त्याचे लांबलचक नाव एकदाच छापले जाऊन खाली पानांच्या ओळी तेवढ्या येतात. दोनशे साधने असतील तर तेच नाव दोनशे वेळा छापले जाते, आणि आपल्याकडे तेच घडले आहे.

मग एक साधन म्हणजे नेमके केवढे? यावर जगभरच्या वंशावळकारांत मतभेद आहेत. काही जण प्रत्येक दाखल्याचे स्वतंत्र साधन करतात, तर काही जण एका तालुक्याच्या सगळ्या वह्या एकाच साधनात कोंबतात. मला दोन्ही टोके पटत नाहीत. जी वस्तू एकदा हातात घेतली की खाली न ठेवता तिची सगळी पाने उलटता येतात ती वस्तू म्हणजे एक साधन, असा नियम मी स्वतःपुरता ठेवला आहे आणि तो आजवर मला अडचणीचा वाटलेला नाही. म्हणजे आपल्या गावच्या जन्ममृत्यूच्या वहीचे चार बांधीव खंड असतील तर साधने चार होतील, आणि त्यांतील एकाचे शीर्षक ‘जन्म-मृत्यू नोंदवही (गाव नमुना १४), मौजे अमुक, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा, १९०१ ते १९१२’ असे राहील. ‘पान ३७, नोंद १२’ हा भाग शीर्षकात येता कामा नये, तो संदर्भाच्या खंड-पान या रकान्यात गेला पाहिजे. गावात या वहीला कोतवाल बुक म्हणत असतील तर तेही शीर्षकात कंसात लिहावे, कारण उद्या आपला पुतण्या तहसील कार्यालयात नक्कल मागायला गेला तर तेथे त्याला तोच शब्द ऐकू येईल.

आता दुरुस्तीविषयी. प्रथम संपूर्ण माहितीसाठ्याची प्रत काढून ती वेगळ्या जागी ठेवा. त्यानंतर साधनांच्या यादीत एकाच वहीची जी अनेक साधने झाली आहेत, त्यांतील प्रत्येकाच्या शीर्षकात अडकलेला पान क्रमांक त्याच्या संदर्भात हलवा. हे काम विलीनीकरणाच्या आधी झालेच पाहिजे. दोन साधने एकत्र करताना एकाच साधनाचे शीर्षक शिल्लक राहते, त्यामुळे दुसऱ्या शीर्षकातला पान क्रमांक हातचा जातो. हे झाले की दोन-दोन साधने निवडून ती एकत्र करत जा. दोनशे साधनांना काही संध्याकाळी जातील, पण त्या सार्थकी लागतील. शेवटी ‘टूल्स’ या मेनूतील, सारखे संदर्भ एकत्र करणारी सोय चालवा. ज्यांचे साधन, पान, दिनांक आणि विश्वासार्हता तंतोतंत जुळते असे संदर्भ ती शोधून एक करते. एकाच नोंदीवरून आपण बापाचे नाव, मुलाचा जन्म आणि राहण्याचे ठिकाण असे तीन वेळा लिहिले असेल, तर त्या तिन्ही ठिकाणी आता एकच संदर्भ जोडलेला राहील.

या निमित्ताने आणखी एक तपासणी करावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे. संदर्भ व्यक्तीला जोडला आहे की घटनेला, हे पाहा. पुष्कळ जण व्यक्तीचे पान उघडतात आणि तिच्याविषयी मिळालेली सगळी साधने त्या पानालाच चिकटवतात. अहवालात मग नावावर सहा आकडे येतात आणि खालचा मजकूर कोरा राहतो. जन्मतारीख दाखल्यावरून घेतली, लग्नाचे वर्ष काकूंच्या आठवणीवरून घेतले आणि मृत्यूची तारीख नोंदवहीतून घेतली, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग उरत नाही. काकूंच्या आठवणीला नोंदवहीचे वजन मिळते आणि नोंदवहीवर काकूंच्या आठवणीचा संशय पडतो. म्हणून जन्माचा संदर्भ जन्माला, लग्नाचा लग्नाला आणि नावाचा नावाला जोडावा. व्यक्तीच्या पानावर थेट संदर्भ ठेवण्याची गरज क्वचितच पडते.

छापील टिपेत काय येते आणि काय येत नाही, हेही एकदा डोळ्यांखालून घालावे. ग्रॅम्प्सच्या शेवटच्या टिपेत साधनाचा कर्ता, शीर्षक, प्रकाशनाची माहिती, संक्षेप आणि संदर्भाचे पान व दिनांक एवढेच येते. आपण कष्टाने भरलेले संग्रहाचे नाव तेथे येत नाही, आणि ‘अतिशय कमी’ ते ‘अतिशय जास्त’ अशी जी पाच पायऱ्यांची विश्वासार्हता आपण निवडलेली असते, तीही येत नाही. म्हणून अप्रकाशित साधनाच्या बाबतीत प्रकाशनाच्या रकान्यात ‘तहसील कार्यालय, अभिलेख कक्ष, नक्कल २०१९ मध्ये पाहिली’ असे लिहून ठेवावे, म्हणजे ती माहिती कागदावर उतरेल. विश्वासार्हतेविषयी जे सांगायचे ते शब्दांत सांगावे. ‘शाई पुसट, वडिलांचे नाव अर्धवट वाचता आले’ या एका वाक्यातून वाचकाला जे कळते, ते पाचांपैकी तिसऱ्या पायरीवरून कळत नाही.

नोंदींचे पूर्ण उतारे आपण साधनांच्या टिपांत ठेवले असतील, तर पाने वाढण्याचे दुसरे कारण तेच असणार. अहवालाच्या पर्यायांत साधने छापावीत की नाही आणि साधनांवरील टिपा छापाव्यात की नाही, असे दोन वेगळे प्रश्न विचारलेले असतात. पहिल्याला होकार आणि दुसऱ्याला नकार दिला की भाऊबंदांची सुटसुटीत प्रत तयार होते. दोन्हींना होकार देऊन एक जाडजूड प्रत स्वतःसाठी आणि एक गावच्या वाचनालयासाठी काढावी. अहवाल ओडीटी स्वरूपात काढून लिब्रेऑफिसमध्ये त्याची मांडणी नीटनेटकी करायला हरकत नाही, पण तारीख किंवा नाव चुकलेले आढळले तर ती दुरुस्ती मूळ माहितीसाठ्यातच करावी. छापील प्रतीत केलेली दुरुस्ती पुढच्या वर्षीच्या अहवालात परत चुकते.

प्रश्न : आमच्या घराण्याचा जुना छापील कुलवृत्तांत आहे. त्यात एका पूर्वजाला इनाम मिळाल्याची हकिकत असून आधार म्हणून ‘पेशवे दफ्तर’ एवढेच दिले आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये ‘पेशवे दफ्तर’ हेच साधन नोंदवले. तसेच त्र्यंबकेश्वरच्या आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतील नामावळीचा फोटो माझ्या मावसभावाने पाठवला, त्यावरून चार पिढ्यांची नावे घेतली. त्याचा संदर्भ कसा लिहावा? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच तत्त्वात आहे, आणि या सबंध विषयात मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे तत्त्व तेच आहे. जे आपण स्वतः डोळ्यांनी पाहिले, त्याचाच संदर्भ द्यावा.

आपण पेशवे दफ्तर पाहिलेले नाही, कुलवृत्तांत पाहिला आहे. तेव्हा साधन कुलवृत्तांत हेच आहे. संदर्भाच्या पानाशेजारी ‘येथे पेशवे दफ्तराचा हवाला दिला आहे, मूळ कागद पाहिलेला नाही’ असे लिहावे. यात कमीपणा काहीच नाही. उलट, ‘पेशवे दफ्तर’ असे नुसते लिहिले की वाचकाला वाटते, आपण पुण्याच्या पुराभिलेखागारात बसून मोडी कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, सोडला आणि तो कागद वाचला. शिवाय ‘पेशवे दफ्तर’ या नावाने दोन अगदी वेगळ्या गोष्टी सुचवल्या जातात. एक म्हणजे पुण्यातील ते मूळ हस्तलिखित कागद, ज्यांचा संदर्भ रुमाल आणि पुडके यांच्या क्रमांकाशिवाय निरुपयोगी आहे. दुसरी म्हणजे १९३० च्या दशकात रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली मुंबई सरकारने छापलेले निवडक कागदांचे ४५ खंड, ज्यांचा संदर्भ खंड आणि लेखांक देऊन करतात. कुलवृत्तांतकारांनी यांतले कोणते पाहिले होते, हे त्या दोन शब्दांवरून ठरत नाही. छापील खंड मोठ्या ग्रंथालयांत पाहायला मिळतात, म्हणून शोधाला सुरुवात तेथून करावी. लेख सापडला तर तो नवा, स्वतंत्र संदर्भ म्हणून जोडावा आणि कुलवृत्तांताचा संदर्भही तसाच राहू द्यावा, म्हणजे आपण कोणत्या वाटेने तेथे पोहोचलो हे दिसत राहील.

मी स्वतः अनेक वर्षांपूर्वी याच्या उलट वागलो होतो. एका घराण्याच्या तीन वेगवेगळ्या छापील हकिकतींत एकच माहिती मिळाली, म्हणून ‘तीन साधनांचा आधार’ असे मी अभिमानाने लिहिले. पुढे लक्षात आले की दुसरी हकिकत पहिलीवरून आणि तिसरी दुसरीवरून उतरवलेली होती, तिघींत एकाच नावाची तीच छपाईची चूक होती. तीन टिपा होत्या, पण आधार एकच होता. त्या अहवालाच्या प्रती ज्यांच्या घरी गेल्या, त्यांना दुरुस्तीचे पत्र पाठवावे लागले. साधन कोठून उतरले हे ज्याच्या त्याच्या संदर्भात लिहून ठेवले असते, तर छापण्यापूर्वीच ते उघड झाले असते.

नामावळीच्या बाबतीतही आपण वही पाहिलेली नाही, वहीच्या एका पानाचा फोटो पाहिला आहे. तीर्थोपाध्यायांच्या वह्या गावांच्या आणि आडनावांच्या अनुक्रमाने लावलेल्या असतात, आणि नोंद बहुधा आलेल्या यात्रेकरूने किंवा त्याच्या सांगण्यावरून उपाध्यायांनी केलेली असते. त्यात आपला बाप, आजा, पणजा, भाऊ, मुलगे यांची नावे आणि यात्रेचा दिवस असतो. म्हणून संदर्भात पुढील गोष्टी याव्यात : क्षेत्र, उपाध्यायांचे घराणे, कोणत्या गावाची किंवा आडनावाची वही, पान, नोंदीवर असलेली मिती, नोंद कोणाच्या हातची आहे, फोटो कोणी आणि कधी काढला, आणि लिपी मोडी असल्यास वाचन कोणाचे आहे. हे शेवटचे विसरू नका. मोडी वाचनात आडनाव किंवा गाव चुकण्याचा संभव पुष्कळ असतो आणि फोटोत पानाची कड कापली गेली असेल तर तो वाढतो. फोटो संदर्भालाच जोडून ठेवावा, म्हणजे दुसऱ्या जाणकाराला तो पुन्हा वाचता येईल.

आणखी एक बारकावा असा की, त्या नोंदीतील सगळी नावे सारख्या वजनाची नसतात. यात्रेकरूने स्वतःचे, भावांचे आणि मुलांचे नाव सांगितले ते माहितीतले सांगितले. पणज्याचे नाव त्याने ऐकीव सांगितले असणार. संदर्भ एकच असला तरी पणज्याच्या नावाशी ‘पणतवाने सांगितलेले’ अशी टीप असावी. त्याच उपाध्यायांकडे त्या पणज्याच्या स्वतःच्या यात्रेची जुनी नोंद असू शकते, ती मिळाली तर चार पिढ्यांचा दुवा दोन्ही बाजूंनी पक्का होईल. आपल्या मावसभावांना पुन्हा जाणे शक्य असेल तर मी तेच आधी करायला सांगेन.

प्रश्न : माझ्या आजोबांची जन्मतारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून १९३२ आहे. पत्रिकेत शके १८५३, फाल्गुन महिना आहे. मी शकात ७८ मिळवून १९३१ लिहिले. अहवालात कोणती तारीख छापावी? (एक वाचक, लातूर)

उत्तर : दोन्ही साधनांना अहवालात जागा द्यावी, पण आधी शकाचे गणित दुरुस्त करावे. शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन जानेवारीत. म्हणून चैत्रापासून डिसेंबर अखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १८५३ चा फाल्गुन १९३२ सालच्या मार्चमध्ये सुरू झाला. म्हणजे पत्रिका आणि दाखला यांत वर्षाचा फरक नाहीच, जेमतेम दोन-तीन महिन्यांचा आहे. आपण १९३१ छापले असते तर एका आकड्याच्या चुकीने दोन चांगल्या साधनांत भांडण लावून दिले असते.

१ जूनविषयी म्हणाल तर महाराष्ट्रातल्या एका सबंध पिढीचा वाढदिवस त्या दिवशी येतो. शाळा जूनमध्ये उघडे, जन्मतारीख ठाऊक नसलेल्या मुलाच्या वयाचा अंदाज घेऊन गुरुजी ती तारीख टाकत. तेव्हा दाखला हा आजोबांच्या शाळाप्रवेशाचा उत्तम पुरावा आणि जन्मदिवसाचा दुबळा पुरावा आहे. पत्रिका जन्माच्या सुमारास केलेली असेल तर ती अधिक जवळची, पण ती पुढे लग्नाच्या वेळी नव्याने केलेली असू शकते. कागद, शाई आणि हस्ताक्षर पाहून हे ठरवावे आणि जे ठरेल ते संदर्भात लिहावे.

सॉफ्टवेअरमध्ये जन्माच्या दोन घटना कराव्यात. जी आपणास अधिक ग्राह्य वाटते ती मुख्य ठेवावी, दुसरी पर्यायी म्हणून तिच्या स्वतःच्या संदर्भासह ठेवावी, आणि निवडीचे कारण तीन-चार वाक्यांच्या टिपेत द्यावे. ही टीप अहवालात छापली जाईल असा पर्याय अवश्य निवडा. मूळ मिती जशीच्या तशी संदर्भात उतरवून ठेवावी, कारण नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्यू, इस्लामी, फ्रेंच क्रांतीचे अशी कॅलेंडरे असतात, पण शालिवाहन शकाचे नसते. जुन्या मोडी कागदांत तर सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कारभारात वापरली जाणारी वर्षगणना, अरबी संख्याशब्दांत येतो. ‘समान खमसैन मया व अलफ’ म्हणजे आठ, पन्नास, शंभर आणि हजार, अर्थात ११५८. त्यात ५९९ मिळवले की १७५७ येते, आणि हे वर्ष मृगाला सुरू होत असल्याने ते पुढच्या, म्हणजे १७५८ च्या, मृगापर्यंत चालते. अहवालात नुसते १७५७ छापले आणि मूळ शब्द कोठेच ठेवले नाहीत, तर रूपांतर तपासायला पुढे काहीच हाती राहत नाही.

प्रश्न : मी एका सॉफ्टवेअरमधून जेडकॉम फाइल (वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचे सामाईक स्वरूप) काढून भारतातल्या बहिणीला पाठवली. तिने ती ग्रॅम्प्समध्ये उघडली तर व्यक्ती सगळ्या आल्या, पण संदर्भांचा चुथडा झाला आणि काही देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे आली. (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : देवनागरीचे उत्तर सोपे आहे. फाइल काढताना अक्षरसंकेत यूटीएफ-८ निवडावा. १९९६ च्या ५.५ या जेडकॉम आवृत्तीत अ‍ॅन्सेल नावाचा जो संकेत रुळलेला होता, त्यात देवनागरी बसत नाही. २०२१ मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीत यूटीएफ-८ सक्तीचाच आहे, पण आपली दोन्ही सॉफ्टवेअर ती आवृत्ती लिहितात आणि वाचतात का, हे आधी पाहावे. तसे नसेल तर ५.५.१ आणि यूटीएफ-८ ही जोडी बहुतेक ठिकाणी चालते.

संदर्भांची मोडतोड होण्याचे कारण वेगळे आहे. अनेक व्यावसायिक सॉफ्टवेअर संदर्भ भरण्यासाठी तयार साचे देतात : जनगणना, चर्चची नोंदवही, वर्तमानपत्र, दफनभूमी. प्रत्येक साच्याचे रकाने त्या सॉफ्टवेअरचे खासगी असतात. जेडकॉममध्ये मात्र साधनासाठी शीर्षक, कर्ता, प्रकाशन, संक्षेप, संग्रह आणि उतारा, तर संदर्भासाठी पान, दिनांक, उतारा, टीप आणि शून्य ते तीन अशी विश्वासार्हता, एवढेच मुख्य खण आहेत. साच्यातील बाकीचे रकाने एक तर एकाच लांब ओळीत चिकटवले जातात, किंवा त्या सॉफ्टवेअरच्या खास खुणांखाली लिहिले जातात, आणि त्या खुणा दुसऱ्याला वाचता येत नाहीत. म्हणून आपल्या गावाकडच्या साधनांसाठी साचे वापरूच नयेत असा माझा सल्ला आहे. तसेही फेरफार, आठ-अ किंवा तीर्थोपाध्यायांच्या वहीला योग्य असा साचा त्यांत मिळणार नाही. मोकळ्या स्वरूपाचे साधन करून वर दिलेले साधे रकानेच भरले, तर ते जवळजवळ सर्वत्र सुखरूप पोहोचतात.

सगळी फाइल पाठवण्यापूर्वी एका व्यक्तीची चाचणी घ्यावी. जिच्याविषयी सर्वाधिक संदर्भ आहेत अशी एक व्यक्ती निवडा, आपल्याकडे तिचा पूर्ण अहवाल छापा, तेवढीच व्यक्ती जेडकॉमने बहिणीला पाठवा, तिच्याकडचा अहवाल मागवा आणि दोन्हींच्या टिपा समोरासमोर ठेवून वाचा. काय गळले ते लगेच समजेल. कागदांचे फोटो साध्या जेडकॉम फाइलीतून जात नाहीत, केवळ आपल्या संगणकावरचा त्यांचा पत्ता जातो. ते वेगळे पाठवावे लागतील, आणि फाइलींची नावे बदलू नयेत.

प्रश्न : आमचे पूर्वज मुंबई बंदरातून मॉरिशसला मजूर म्हणून आले. आम्ही घरी थोडे मराठी बोलतो. त्यांच्या आगमनाच्या नोंदीचा संदर्भ अहवालात कसा द्यावा? (एक वाचक, मॉरिशस)

उत्तर : आपल्याकडे सर्वांत मौल्यवान वस्तू आहे ती पूर्वजाचा स्थलांतरित क्रमांक. मॉरिशसला आलेल्या प्रत्येक मजुराला असा क्रमांक मिळे आणि पुढच्या कागदपत्रांत तोच त्याची ओळख म्हणून येत राही. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. संदर्भात तो क्रमांक, जहाजाचे नाव, आगमनाचा दिनांक आणि नोंदवहीची ओळख द्यावी, आणि आपण मूळ वही पाहिली की संस्थेने दिलेला उतारा पाहिला, हे स्पष्ट लिहावे. पूर्वजाचे आणि गावाचे नाव कारकुनाने ऐकून रोमन लिपीत जसे लिहिले तसेच संदर्भात ठेवावे. त्याचे मराठी रूप हा आपला निष्कर्ष आहे, त्याची जागा व्यक्तीच्या नावाच्या टिपेत. रत्नागिरी जिल्ह्यात एकाच नावाची कितीतरी गावे आणि वाड्या आहेत. आपला तर्क आणि मूळ अक्षरे वेगळी ठेवली, तरच कोकणातल्या कोणाला आपणास खरे गाव शोधून देता येईल.

प्रश्न : जात पडताळणी समितीपुढे हा संगणकीय अहवाल वंशावळ म्हणून चालेल का? आणि हयात नातेवाइकांच्या माहितीचे काय करावे? (एक वाचक, जालना)

उत्तर : अहवाल हा पुरावा नव्हे. समितीपुढे वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते आणि तिच्यातील प्रत्येक दुव्यासाठी महसुली नोंद, जन्ममृत्यूची नोंद किंवा शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा यांची प्रमाणित नक्कल लागते. त्यातही नोंद जितकी जुनी तितके तिचे वजन अधिक. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीच्या नोंदी पाहिल्या जातात. अहवालाचा उपयोग होतो तो या नकला मागताना. संदर्भात गाव, वहीचे वर्ष, पान आणि नोंद क्रमांक नीट लिहिलेले असतील, तर अर्जात तेच उतरवता येतात आणि अभिलेखपालालाही वही काढून देणे सोपे जाते.

हयात व्यक्तींसाठी ग्रॅम्प्सच्या अहवालात स्वतंत्र पर्याय आहे. त्यांची नावे ठेवून बाकी तपशील वगळता येतो किंवा त्यांना अहवालातून पूर्णपणे गाळता येते. पण संदर्भाच्या मजकुरात आपण हाताने लिहिलेले ‘आधार क्रमांक अमुक’ किंवा ‘मुलाखत, भ्रमणध्वनी अमुक’ हे त्या पर्यायाला ओळखता येईलच असे नाही, कारण तो संदर्भ एखाद्या दिवंगत व्यक्तीलाही जोडलेला असू शकतो. असे क्रमांक संदर्भात मुळीच लिहू नयेत. लिहिलेच असतील तर त्या संदर्भावर खासगीची खूण करावी, अहवाल काढताना खासगी माहिती वगळण्याचा पर्याय निवडावा, आणि छपाईला देण्यापूर्वी शेवटच्या टिपा स्वतः एकदा पहिल्यापासून अखेरपर्यंत वाचाव्यात.